रविवारपर्यंत धान कापायचं नाही

कापणीचं यंत्र आलं हे फार बरं झालं, असं मी घरात ठासून सांगते तेव्हा नातसून माझ्याकडे जरा संशयाने बघते. म्हाताऱ्या बाईने इळ्याचे, म्हणजे आमच्याकडच्या विळ्याचे, बैलांच्या मळणीचे, खळ्यावरच्या गाण्यांचे गोडवे गावेत अशी तिची अपेक्षा असते. मी नाही गात. परवा नातवाने मला गाडीत घालून कामठ्याच्या बाजूला आमची जुनी बांधी दाखवायला नेलं. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत, चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं. यंत्र तिथे घरघरत होतं. एका अंगाने धान आत जात होतं, दुसऱ्या अंगाने तणस बाहेर पडत होती, आणि आम्हाला जिथे आठ दिवस लागायचे तिथे तासाभरात सगळं मोकळं झालं. कुणाची कंबर धरली नाही, कुणाच्या हातात पातं नव्हतं. धुऱ्यावर उभी राहून मी अगदी समाधानाने पाहत होते. मग वारा फिरला आणि तो वास आला.

वेळेवर कापलेल्या धानाला गोडसर वास येतो. दिवस उलटून गेलेल्या धानाचा वास कोरडा असतो, उन्हात तापलेल्या गोणपाटासारखा, नाकात टोचणारा. कोपऱ्यातली एक बांधी मालकाने उशिरा ठेवली असावी, तिच्यावरून तो वास आला आणि मी तेरा वर्षांची झाले. त्या वयाची मी काही फार गोड मुलगी नव्हते. नातू म्हणाला, "आजी, ऊन लागतंय का?" मी त्याला म्हटलं, गप उभा राहा जरा.

देश स्वतंत्र होऊन तीन पावसाळे झाले होते. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि गोंदिया म्हणजे आमच्या लेखी रेल्वे, भोंगे, हिंदी बोलणारी माणसं आणि दवाखाना. गावात आमचं एकच घर ख्रिस्ती. बाबा आधी मोहाची दारू प्यायचे, आणि प्यायले की मायला मारायचे. हाताला लागेल त्याने मारायचे. मी लहानपणी घरातल्या वस्तूंची विभागणी अशी केली होती: ज्यांनी मारता येतं त्या, आणि ज्यांनी मारता येत नाही त्या. पहिल्या प्रकारच्या मी लपवून ठेवत असे. मग एकदा बाबा गोंदियाच्या बाजारात कुणा उपदेशकाचं बोलणं ऐकून आले, आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि नवव्या दिवशी दारूचं मडकं अंगणात आणून दगडाने फोडलं. त्यानंतर त्यांनी मायवर हात टाकला नाही. दोन वर्षं नाही. पापक्षमा, तारण, यातलं मायला फारसं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. "ज्या देवानं यांचा हात धरला, तो देव मले चालते," एवढं म्हणून ती बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरली. तिच्याबरोबर मीही. मथुरा होते ती मी मारथा झाले, पण हे नाव घ्यायचे ते फक्त बाबा.

त्या वर्षी आमच्या ओसरीवर याकूबभाई येऊ लागला. तो गोंदिया स्टेशनात रुळांवर काम करायचा. मूळचा पंजाबातला ख्रिस्ती शेतकरी. फाळणीच्या दिवसांत तो बायकामुलांना घेऊन ज्या गाडीत बसला होता ती वाटेत थांबवली गेली. थांबवणाऱ्यांनी नाव-धर्म काही विचारलं नाही, असं तो सांगे. बायको आणि तीन लेकरं त्या डब्यात राहिली. याकूबभाई कसा वाचला ते त्याने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

शेवटच्या दिवसांबद्दल बायबलात जे सांगितलेलं आहे ते बाकीचे उपदेशक डोळे मिटून, आवाज चढवून सांगत. याकूबभाई हलक्या आवाजात सांगे, बाजाराला जाऊन आलेला माणूस तिथले भाव सांगतो तसं. घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त चढेल, हे वाचून झालं की तो पुस्तक बाजूला ठेवी आणि स्वतःच्या पायाच्या घोट्यावर दोन बोटं टेकवी. "यहाँ तक तो मैंने देखा है, भाई," म्हणे. सूर्य काळा होईल, तारे गळून पडतील, आकाश गुंडाळलं जाईल, असं तो सांगत असताना समोर अंगणात आमची कोंबडी पिलांना घेऊन फिरत असायची आणि मला तिची फार काळजी वाटायची. आज हसू येतं.

बाबांच्या मनात मात्र तारे-बिरे फारसे शिरले नाहीत. बाबा हाडाचे शेतकरी. त्यांनी धरून ठेवलं ते एकच: एक देवदूत धारदार इळा घेऊन येईल, पृथ्वीचं पीक पिकून गेलंय म्हणून सांगेल आणि इळा चालवील. मग खळं, मग सूप, मग दाणा वेगळा आणि भुसा वेगळा, आणि भुशाला आग. हे सगळे शब्द त्यांच्या घरचे होते. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर दृष्टान्त म्हणून ऐकलं असतं. बाबांनी ते गावच्या कोतवालाने दवंडी द्यावी तसं ऐकलं.

दिवस याकूबभाईने काढला. त्याची तीन लेकरं गेली होती, म्हणून देव तीन वर्षं थांबेल, प्रत्येक लेकरामागे एक, आणि मग न्यायाला येईल, असा त्याचा हिशेब. तीन वर्षं त्या कार्तिकातल्या एका रविवारी भरत होती. आज मला कळतं की हा हिशेब देवाचा नव्हता, एका बापाचा होता, आणि त्याला कुणी चूक म्हणायला धजलं नसतं. दिवस-घटका कुणालाच ठाऊक नाही असं त्याच पुस्तकात स्पष्ट सांगितलेलं आहे. याकूबभाईने ते पान वाचलं नसेल असं नाही. पण ज्याची लेकरं गेली त्याला "ठाऊक नाही" हे उत्तर किती दिवस पुरणार?

धान पिवळं पडलं, लोंब्या वाकल्या, गावाने इळ्यांना धार लावून घेतली. तो रविवार अजून दोन आठवड्यांवर होता. आणि बाबा जेवता जेवता म्हणाले, "रविवारपर्यंत धान कापायचा नाई."

मायला वाटलं, त्यांना कुठे लागलंय, ताप-बिप आहे. तिने कपाळाला हात लावला. बाबांनी तो बाजूला केला. "शेवटची कापणी त्याची हाय. आपण मंधात इळा घातला, तं त्याच्यावर भरोसा नाई असं होते."

"अन् रविवारी नाई आला तं?"

"असं बोलू नोको."

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण बाबा अर्धवट काही करणाऱ्यातले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ढोलीतलं, म्हणजे बांबूच्या मोठ्या कणगीतलं, उरलेलं धान बाहेर काढलं आणि गावातल्या निराधार म्हाताऱ्यांना वाटून टाकलं. बियाण्याचंसुद्धा. याकूबभाई म्हणाला होता, "अब बीज किसके लिए? अब कौन बोएगा?" ढोलीचा तळ झाडण्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. घरात पंधरा दिवसांचे तांदूळ राहिले आणि वर्षभराचं पोट बांधीत उभं राहिलं. ते झडलं असतं तर आम्हाला उन्हाळा निघाला नसता. हे मायला समजत होतं, मला समजत होतं, आणि बाबांना समजत नव्हतं असंही नाही. त्यांना वाटत होतं की उन्हाळाच येणार नाही.

याकूबभाईबद्दल मला राग धरता आला नाही, त्याला कारण माय. तो ओसरीवर चहा पिताना बोलता बोलता सांगून गेला की स्टेशनापाशी एका शिंप्याकडे त्याने कोट शिवायला टाकलाय, बड्या दिनाला, म्हणजे नाताळाला मिळेल. माय चुलीपाशी होती. तिने तिथूनच विचारलं, "कार्तिकात दुनिया सरते, तं पुसातल्या सणाले कोट कायले शिवून राहिले मंग?" याकूबभाईने कप खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले, आणि मग त्याचे डोळे असे भरून आले की मायच वरमली आणि त्याला आणखी चहा दिला. माणसाचा एक हात जगाचा शेवट मागत असतो आणि दुसरा हात कोटाचं माप देत असतो. मी पुढे आयुष्यभर दवाखान्यात परिचारिका म्हणून काम केलं. मरायला टेकलेली माणसं उद्याच्या डब्यात काय आणायचं ते सांगताना मी पाहिली आहेत.

गावाच्या कापण्या उरकल्या. सगळीकडे खुंट राहिले, कापलेलं धान खळ्यांवर जाऊन पडलं, आणि मधोमध आमच्या चार बांध्या उभ्या. त्यांचा तो पिवळा रंग मला आजही नको वाटतो. एरवी चार गावांच्या शेतांत विखुरणारी पाखरं आता फक्त आमच्याकडे यायची. पोपट लोंबी तोडायचे, अर्धी खायचे आणि अर्धी टाकायचे. उंदरांनी धुऱ्यात बिळं केली. कणसं कापणारी अळी शिरली, आणि ती खाण्यापेक्षा कापूनच जास्त टाकते. शांत दुपारी धुऱ्यावर बसलं की दाणे झडण्याचा आवाज यायचा, कुणीतरी बारीक बारीक चघळत बसल्यासारखा. एका सकाळी जाऊन पाहिलं तर रानडुकरांनी एक कोपरा लोळवून चिखल करून टाकला होता. माय त्या चिखलात उकिडवी बसून दाणे वेचत होती. तिने पदरात मूठभर चिखल आणि त्यात दहा-वीस दाणे आणले आणि बाबांच्या समोर ठेवले. बाबा उठून बाहेर गेले.

बाबा शेताकडे जातच नव्हते. अंगणात बसून गाणी म्हणायचे. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय गा सदा, निघाला का तुहा देव? का गाडी लेट हाय?" बाबा हसायचे. त्या हसण्याची मला मारापेक्षा जास्त भीती वाटायची.

आमच्याकडची रीत अशी की शेवटची बांधी कापून झाली की गावची ढोरं शिवारात मोकळी सोडतात. राहिलेल्या खुंटांवर, सांडलेल्या दाण्यांवर महिनाभर चरतात. सगळ्यांची कापणी झाली होती. आमच्यासाठी कोण थांबणार? ढोरं सुटली, आणि ढोराला खुंट आणि लोंबी यातला फरक सांगावा लागत नाही. मी आणि माय धावलो तेव्हा पंधरा-वीस जनावरं आत होती. मी काठीने पाठी बडवत होते, ओरडत होते, घसा फुटला. मायने मोठा दगड उचलला आणि मोठबाबांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या, तांबड्या बैलाच्या तोंडावर घातला. बैलाच्या नाकपुडीतून रक्ताची धार लागली. तो फिरला आणि त्याने मायला शिंगाने ढकलून धुऱ्यावरून खाली पाडलं. उठून तिने पुन्हा दगड उचलला. तिच्या तोंडावर जे होतं ते मी आधी बाबांच्या तोंडावर पाहिलेलं होतं, मोहाच्या दिवसांत. मला तिचीही भीती वाटली.

मोठबाबा धावत आले. बैलाचं नाक पाहून त्यांचं पित्त खवळलं. मायला काही न बोलता ते सरळ आमच्या अंगणात गेले आणि बाबांसमोर उभे राहिले. "काऊन रे सदा, देव येऊन राहिला म्हणते तुह्या घरी? येऊ दे ना बाप्पा! धानानं काय घोडं मारलं त्याचं?" मोठबाबांनी बोट रोखलं. "आयक. रविवारपर्यंत वाट पायतो. नाई कापला, तं सोमवारी माही माणसं येतीन. कापतीन, अन् धान माह्या खळ्यात जाईन. मंग बस बोंबलत." मोठबाबा बोललेलं करणारे होते. बाबांनी धर्म बदलला तेव्हापासून ते आमच्या घरचं पाणी पीत नव्हते, आणि आमच्या बांध्यांवर त्यांचा डोळा होता असं माय म्हणायची.

शुक्रवारी दुपारी माय एकटी इळा घेऊन गेली. बाबा मागून पोचले तेव्हा तिने दोन ओळी कापून कडपा, म्हणजे कापलेल्या धानाच्या मुठी, ओळीने खुंटांवर मांडल्या होत्या. ती त्यांना म्हणाली, "मालक घरी येईन, अन् धान बांधीत सडला दिसंन, तं का म्हणन तो तुमाले? शाबास म्हणन? नोकर कामावर दिसला पायजे, एवढं मले बी समजते." मी पुढे कितीतरी पाळकांचे, शिकलेल्या माणसांचे या विषयावरचे उपदेश ऐकले. अक्षर न वाचलेल्या मायच्या या बोलण्यापुढे कुणी गेलेलं मला आठवत नाही. बाबांनी काय उत्तर दिलं? बंडीची उभारी त्यांच्या हातात होती, बैलगाडीच्या कडेला रोवतात तो दांडा. इळा धरलेल्या हातावर ती बसली. मनगट मोडल्याचा आवाज मी धुऱ्याच्या पलीकडून ऐकला.

दोन वर्षं. मी घरातल्या वस्तू लपवायची सवयही सोडून दिली होती, आणि मला हेच सलत राहिलं, की उभारी मी आधी लपवत असे. बाबांना जगाचा शेवट पुढे कधीतरी व्हायचा होता. मायच्या लेखी तो होऊन गेला होता, ज्या दिवशी मडकं फुटलं त्या दिवशी. जुनं जग संपलं होतं आणि नवं सुरू झालं होतं. शुक्रवारी ते जुनं जग परत आलं. आशा म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी त्या दोन वर्षांकडे बोट दाखवीन. मोडकी असली तरी खरी होती.

रविवारी बाबा धुतलेलं धोतर नेसून खळ्यावर बसले. शेणाने सारवलेलं, स्वच्छ, रिकामं खळं. याकूबभाई सकाळच्या गाडीने आला होता, तोही धुतलेल्या कपड्यांत. मला बाबांनी शेजारी बसवलं. मायला बोलावलं नाही. खळ्यावरून आमच्या बांध्या दिसायच्या. दुपार चढता चढता माझ्या नजरेस पडलं की माय बांधीत उतरली आहे. उजवा हात बांबूच्या कामट्या लावून गळ्यात बांधलेला, डाव्या हातात इळा. डाव्या हाताने तिला कापता येत नव्हतं. ती गुडघ्याने धान दाबून धरायची, इळा ओढायची, तोल जाऊन पडायची, उठायची. याकूबभाई त्या वेळी वाचत होता की शेतात दोघं असतील, त्यांतलं एक घेतलं जाईल आणि एक मागे राहील.

मी उठले. बाबा म्हणाले, "मारथा, बस खाली." मी चालायला लागले. त्यांनी पुन्हा हाक मारली. मला वाटत होतं की मी तारणातून उठून चालले आहे, पाठीमागे दार लागेल आणि ते पुन्हा उघडणार नाही. हे मी आज रंगवून सांगत नाही. तेरा वर्षांच्या मुलीने नरकात जायचं ठरवलं, आणि ती चालत गेली, आणि वाटेत तिला काटाही टोचला.

बांधीत पोचल्यावर मी मायच्या हातातून इळा घेतला. मग तिच्या लुगड्याचा पदर माझ्या ओढणीच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधला. "हे काऊन वं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "एकीले नेते म्हणते. नेलं तं दोघीले न्या लागंन, नाई तं दोघीले ठेवा लागंन." माय हसली. मोडक्या हाताची माय त्या दिवशी हसली, आणि आम्ही कापायला लागलो. मी कापायची, ती डाव्या हाताने कडपा मांडायची. खळ्यावरून गाण्याचा आवाज येत होता. लोंब्यांना हात लागताच दाणे झडत होते, पण अर्धे तरी राहत होते.

बाबा आले तेव्हा गाणं थांबलेलं मला कळलंच नाही. पाठमोऱ्या मायवर उभारी पडली आणि ती कडपांवर तोंडघशी पडली. आमची गाठ होती, म्हणून मीही तिच्यावर पडले. बाबांनी उभारी पुन्हा उचलली. ते रडत होते, त्यांच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं, आणि ते म्हणत होते, "तुमच्यापायी तो आला नाई. तुमच्यापायी." मी खालूनच इळा फिरवला.

चुकून लागला, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते खरं नाही. मी बाबांना मारण्यासाठीच फिरवला आणि गळ्यावर लागावा म्हणून फिरवला. त्यांचा उजवा हात मध्ये आला. अंगठा आणि बोटं यांच्या मधून तळहात मनगटापर्यंत उघडला. उभारी गळून पडली. बाबांनी आधी हाताकडे नाही पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत होते. आभाळ स्वच्छ होतं, एक घार फिरत होती, आणि रक्त खुंटांवरून वाहून भेगाळलेल्या मातीत जिरत होतं.

याकूबभाई धावत आला. त्याने आपल्या अंगातला पांढरा सदरा काढून हात आवळून बांधला. मी तिथेच इळा धरून बसले होते. तो माझ्यापाशी आला, माझी बोटं एकेक करून सोडवली आणि इळा काढून घेतला. मला वाटलं तो मला शाप देईल. तो म्हणाला, "बस, बेटी. बस. हो गया." त्या गाडीत त्याने काय काय पाहिलं होतं ते मला त्याच्या त्या दोन शब्दांत जेवढं कळलं, तेवढं त्याच्या सगळ्या उपदेशांत कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. आमच्या बांधीत उतरला आणि पंजाबात गहू कापत असे तसा धान कापू लागला.

बाबांना मोठबाबांच्या बंडीतून गोंदियाला नेलं. मोठबाबा स्वतः हाकत होते. वाटेत त्यांनी मागे वळून मायला विचारलं, "कोणं केलं हे? तू?" मायने पदर पुढे ओढला. "पोलिसाले सांगा लागंन. भावाचा हात होय माह्या." माय माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सांगा. म्या केलं." तिचा उजवा हात कामट्यांत होता. मोठबाबा तिच्या हाताकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बैलांना उगीचच चाबूक मारला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सदरा सोडला, जखम पाहिली, आणि कागद पुढे ओढून विचारलं, "कैसे लगा?" मोठबाबा दारात उभे होते. मायने तोंड उघडलं. मीही उघडलं, कारण तिला बोलू द्यायचं नाही असं मी वाटेत ठरवलं होतं. आमच्या दोघींच्या आधी बाबा बोलले.

"धान कापताना लागला, बाई."

खोटं बोलणाऱ्यांचा वाटा जळत्या तळ्यात असतो, हे बाबा आम्हाला उठता-बसता सांगत. दारू सोडल्यापासून त्यांच्या तोंडून मी खोटं ऐकलं नव्हतं, थट्टेतसुद्धा नाही. आणि हे खोटंही किती कच्चं. त्या साली बाबांनी धानाची एक मूठ कापली नव्हती. शिवाय कापणारा इळा उजव्या हातात धरतो. लागतं ते धान पकडलेल्या डाव्या हाताला. बाबांचा उजवा हात फाटला होता. मी पुढे इतक्या कापण्यांच्या इतक्या जखमा बांधल्या, उजव्या हाताची एकही नाही. डॉक्टरीणबाई गोंदियाच्या, त्यांच्यासमोर दर कार्तिकात शेकडो हात येत असतील. त्यांनी बाबांच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मायच्या कामट्यांकडे पाहिलं, माझ्या परकरावरच्या रक्ताकडे पाहिलं. मग बाबा म्हणाले ते तसंच लिहिलं. मोठबाबांनी सगळा जन्म धान कापण्यात घालवला होता. ते खाली बघत बाहेर गेले. सोमवारी त्यांची माणसं खरोखरच आली, आणि कापलेलं धान आमच्याच खळ्यात टाकून गेली. अर्धं झडलं होतं. अर्धं हाताला लागलं.

बाबा त्यानंतर अठरा वर्षं जगले. अंगठा मिटत नव्हता, इळा धरता येत नव्हता, आणि हात कुणावर उगारता येत नव्हता. प्रभू येणार हे ते शेवटपर्यंत मानत होते, फक्त दिवस सांगत नसत. त्या रविवारबद्दल आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. मी त्यांची क्षमा मागितली नाही, त्यांनी माझी मागितली नाही. मायची मागितली असेल तर ते मला ठाऊक नाही, आणि मागितली नसेल तर मी त्यांना ती सूट द्यायला तयार नाही. माझा त्यांच्यावर राग आहे. प्रेम आहे म्हणून राग कमी होत नाही.

शेवटच्या दिवशी पुस्तकं उघडतील आणि ज्याचं त्याचं त्याला वाचून दाखवतील, असं म्हणतात. माझं वय पाहता मला फार वाट पाहावी लागणार नाही. इतर पानांचं मला काही सांगता येणार नाही. उभारीचं पान बाबांचं आहे आणि ते त्यांनाच ऐकावं लागेल. पण खोट्याचं पान उघडून बाबांचं नाव पुकारलं, की मी रांग सोडून पुढे होणार आहे. सांगणार आहे की ते खोटं माझ्यासाठी बोललं गेलं, ते माझ्या नावावर चढवा. आणि बाबा जर मला पुन्हा म्हणाले, मारथा, बस खाली, तर त्या दिवशीही मी त्यांचं ऐकणार नाही.